विहीणबाईंचं वरचं गाव

विहीणबाई,

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी दळणाच्या घंटीवर होते. माझ्या पुढे दोन डबे होते. "आई, गेल्या त्या," तो म्हणाला. मागे तुमची सविता रडत होती. मी "बरं" म्हटलं. तेवढ्यात माझा नंबर आला. घंटीवाल्याने नेहमीसारखं विचारलं, "बेन, झीणुं के जाडुं?" मी बारीक सांगितलं. पीठ घेऊन घरी आले, डब्यात भरलं, ओट्यावर सांडलेलं पुसून घेतलं. मग ह्यांना सांगितलं. ते खुर्चीत बसून राहिले. मी प्रवासाची पिशवी भरायला घेतली आणि त्यात दोन टॉवेल, माझ्या गोळ्या आणि का कोण जाणे, इस्त्रीची साडी घातली. चारच दिवसांपूर्वी तुम्हाला वर सापुताऱ्याला सोडून मी ह्याच पिशवीसकट परत आले होते.

आज बारा दिवस झाले. मला अजून रडू आलेलं नाही. सविताला वाटतं मी खंबीर आहे. मी खंबीर नाही. दात काढल्यावर गाल जसा आपला नसल्यासारखा होतो, तसं काहीतरी झालंय. जेवते, झोपते, रियाची वेणी घालते. आयुष्यभर मुलांना पत्रलेखन शिकवलं, पण तुम्हाला एक ओळ कधी लिहिली नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. आता त्याने काही फरक पडत नाही.

तुमचं माझं नातं सुरू झालं तेच माझ्या खोट्याने. प्रशांतने पहिल्यांदा सविताचं नाव घेतलं त्याला आता दहा वर्षं होतील. तो डेंग्यूने आजारी पडला, इथे सुरतेत उधन्याच्या दवाखान्यात सहा दिवस होता, आणि सविता तिथे नर्स होती. मलाही ती आवडली होती. हातात सुई टोचताना तोंडाने गप्पा मारायची. पण घरी आल्यावर दोन महिन्यांनी प्रशांत म्हणाला, "आई, ती डांगची आहे. कोकणा आहेत ते. आदिवासी." मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. मी म्हणजे महापालिकेच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलेली बाई. प्रतिज्ञा रोज म्हणून घेणारी.

पाचव्या दिवशी ह्यांनीच विषय मिटवला. "आपण अमळनेरहून आलो तेव्हा आपल्याला इथले लोक काय म्हणायचे, आठवतं का?" एवढंच म्हणाले आणि अंघोळीला गेले.

आम्ही तुमच्याकडे आलो तो दिवस मला स्वच्छ आठवतो. सापुताऱ्याला मी त्याआधी तीनदा आले होते. सुरतेतलं कोण आलेलं नाही? शाळेच्या सहली घेऊन आले होते. तलाव, बोटी, मक्याची कणसं, सूर्यास्ताची टेकडी. पण तुमची वस्ती मी कधी पाहिली नव्हती. हॉटेलांच्या पाठीमागून रस्ता खाली उतरतो आणि तिथे कौलांची, पत्र्यांची घरं आहेत, हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही रस्त्यापर्यंत सामोऱ्या आला होतात. तुमच्याकडच्या बायका गुडघ्यापर्यंत लुगडं नेसतात, पण त्या दिवशी तुम्ही आमच्यासाठी पाचवारी साडी नेसला होतात आणि उतारावर दर चार पावलांनी तिच्यात अडखळत होतात.

घरात गेल्यावर तुम्ही पाट मांडले. नागलीच्या भाकरी, उडदाची डाळ, बांबूच्या कोंबांचं लोणचं. मी म्हटलं, "माझा उपास आहे." बुधवार होता. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलं, आत गेलात आणि पपई चिरून आणलीत. "हे चालंल ना?" मी दोन फोडी खाल्ल्या.

निघताना तुम्ही सविताला हळूच तुमच्या बोलीत काही सांगितलंत. तुम्हाला वाटलं, ह्या सुरतेच्या मास्तरीणबाईला काय कळणार. मला शब्द न् शब्द कळला. माझी आजी अहिराणीशिवाय बोलली नाही, आणि 'माझा' म्हणायला आमचं 'मना' आणि तुमचं 'माना', यांत कितीसं अंतर! तुम्ही म्हणत होतात, "तिला भूक लागली आसंल, वाटंत खायाला बांधून दे." मी चप्पल घालत राहिले, काही कळलं नाही अशी. वघईच्या पुढे गाडी थांबवून आम्ही ते फडकं सोडलं. भाकरी मीच जास्त खाल्ली.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमची बोली मला पहिल्या दिवसापासून कळत होती.

लग्न सुरतेत झालं. पत्रिकेत तुमचं आडनाव छापलं, पवार. तेवढं मला पुरलं. आमच्या भावकीत, अमळनेरला, शिरपूरला मी सांगून टाकलं की मुलीकडचे नाशिककडचे पवार आहेत. कोणी जास्त विचारलं नाही. लग्नात तुमच्याकडची माणसं थोडी आली होती. तुमची दुधी-बांबूची पावरी वाजवणारे येणार होते, त्यांना मीच प्रशांतकरवी नको म्हणून कळवलं. हॉलमध्ये आवाजाची परवानगी नाही, असं सांगितलं. परवानगी होती. आमचा बँड होताच की.

मग रियाचं बारसं. बमरोलीच्या आमच्या घरात चाळीस माणसं. तुम्ही दोन दिवस आधी आला होतात, बाळंतिणीसाठी नागलीचं सत्त्व घेऊन. माझी मोठी नणंद शकुताई अमळनेरहून आल्या होत्या. त्यांना प्रश्न विचारायची हौस. पाळणा झाला, सगळ्या बायका गोल करून बसल्या, आणि शकुताईंनी सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं, "विहीणबाई, नाशिककडचे पवार म्हणजे नेमके कुठले हो तुम्ही?"

मी पेढ्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात होते. मी केलेला उद्योग तुम्हाला त्या क्षणी, त्या प्रश्नातून कळला. तुम्ही मान वळवून माझ्याकडे पाहिलंत. रागाने नाही. आपल्याला नीट ऐकू आलं ना, एवढंच पाहिल्यासारखं. मग शकुताईंकडे वळून म्हणालात, "नाशिक आम्हाला जवळ पडतं. सुरतच लांब."

खोटा एक शब्द नव्हता त्यात. शकुताई "हो का" म्हणाल्या आणि पुढ्यातला पेढा उचलला. त्यानंतर दिवसभर तुम्ही बोललाच नाहीत. कोणी काही विचारलं की हसायचात. बोललात तर बोलीवरून कळेल, म्हणून. स्वतःच्या नातीच्या बारशाला तुम्ही दिवसभर मुक्या बसलात.

संध्याकाळी रिक्षात बसताना तुम्ही मला म्हणालात, "आधी सांगायचं ना. मी नीट सांभाळलं असतं."

"काय?" मी म्हटलं.

"काय नाय," तुम्ही म्हणालात. रिक्षा गेली.

त्यानंतर आठ वर्षांत मला शेकडो वेळा संधी मिळाली. एकदा 'चुकलं माझं' म्हणायला किती वेळ लागतो? पण तुम्ही विषय काढला नाहीत आणि मी त्याचा फायदा घेतला. पुढे पुढे मला वाटायला लागलं की तुम्ही विसरलात. आपल्याला जे सोयीचं असतं ते वाटायला लागतं.

रिया सहा वर्षांची असताना आम्ही मे महिन्यात तुमच्याकडे चार दिवस राहिलो. तेव्हा मी तुमच्या घरी जेवत होते, झोपत होते, तेवढी सुधारले होते. रियाने बोटीचा हट्ट धरला. "नानी, तू पण चल ने!" तुम्ही म्हणालात, "मी इथंच बसते." मी रियाला घेऊन बोटीत बसले. मधून हात हलवला, तुम्ही हलवला नाहीत. काठावर उकिडव्या बसून पाण्याकडे बघत होतात.

परत आल्यावर तुम्ही विचारलंत, "मधी काय दिसलं?"

"काय दिसणार? गढूळ पाणी."

"माना घर तठंच व्हतं," तुम्ही म्हणालात. तुमच्या आवाजात काही विशेष नव्हतं. बसस्टँड कुठे आहे ते सांगावं तसं.

मग मला ते सगळं कळलं. रिया कणीस खात होती आणि तुम्ही सांगत होतात. गाव वरच होतं, ह्या सपाटीवर. तुम्ही सात वर्षांच्या होतात. थंड हवेचं ठिकाण करायचं ठरलं आणि गावाला खाली जायला सांगितलं. तुमच्या बापाने घराची दारं-वासे खांद्यावरून खाली नेले. आईने जातं नेलं. माणसं गेली, पण कोंबड्या खाली राहीनात. रोज संध्याकाळी त्या चढ चढून वर यायच्या, जिथे घर होतं तिथे, मोकळ्या मातीत येऊन बसायच्या. तुम्ही आणि तुमची बहीण टोपल्या घेऊन त्यांना आणायला यायचात. तिथे मोजणीवाल्यांचे तंबू लागले होते. ते लोक हसायचे. "पंधरा दिस आणल्या आम्ही कोंबड्या," तुम्ही म्हणालात. "मग बापाने एकेक करून कापून खाल्ल्या. म्हणाला, ह्यांना कोण समजावणार."

पुढे तलावाचं काम निघालं, तेव्हा तिथल्या मातीच्या पाट्या वाहायला तुमची आई होती. थोड्या मोठ्या झाल्यावर बागेच्या कामाला तुम्ही. मग लग्न, पोरं, आणि तलावाच्या काठावर भाजलेल्या कणसांची शेगडी, वीस-बावीस वर्षं. मी तीनदा सहल घेऊन आले होते. एखादं कणीस तुमच्या हातचंही असेल. आपण दोघींनी आठवायचा प्रयत्न केला, पण काही आठवलं नाही.

मी तुम्हाला म्हटलं, "भूगोलाच्या तासाला मी दरवर्षी शिकवायचे. सापुतारा हे थंड हवेचे ठिकाण आहे. मुलं एका सुरात म्हणायची."

तुम्ही हसलात. "थंड तर व्हतंच. आमी व्हतो तवापासून."

तिथेच आपलं ते भांडण सुरू झालं. मला तुमचं ऐकून अपराधी वाटत होतं, आणि अपराधी वाटलं की मी शिकवायला लागते. मी म्हटलं, "गाव तर आमचंही सुटलं, विहीणबाई. माझे सासरे सुरतेत यंत्रमागाच्या खात्यात बारा-बारा तास उभे राहिले. अमळनेरच्या घरात आज भावकी राहते, मला तिथे पाय ठेवायला जागा नाही. सगळ्यांचंच सुटतं."

"तुमी सोडलं," तुम्ही म्हणालात. "आमाला उठवलं."

"फरक काय? परत जाता येत नाही ते नाहीच."

तुम्ही रियाच्या गालावरचा कणसाचा दाणा टिपलात. मग म्हणालात, "तुमाला तुमचं दिसत नाय. मला रोज दिसतं. आता तुमीच सांगा, मास्तरीणबाई, कोणाचं बरं?"

मी 'विचार करून सांगते' म्हटलं. नंतर फोनवर कधी कधी तुम्ही विचारायचात, "केला का विचार?" आणि आपण हसायचो. मी आजही केलेला नाही.

मागच्या दिवाळीनंतर तुमचं पोट दुखणं वाढलं. सविताने तुम्हाला सुरतेला आणलं. तपासण्या झाल्या. आजार काय ते तिने तुमच्यापासून लपवलं नाही, तुमच्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं. किरणांचा शेक द्यायचा ठरला, आठवड्यातून पाच दिवस, शिवाय इंजेक्शनं. प्रशांत आणि सविता दोघांच्याही नोकऱ्या. म्हणून रोज तुम्हाला रिक्षाने नेणं माझ्याकडे आलं.

तीन महिने आपण दोघी एका घरात राहिलो. व्याही अधूनमधून यायचे, पण शेत आणि गुरं सोडून फार राहता यायचं नाही. तुम्ही पलंगावर झोपायला नकार दिलात, मग मीही खाली गादी घातली. दवाखान्याच्या बाकड्यावर आपण तास-दोन तास बसायचो. एकदा शेजारच्या बाईने मला विचारलं, "तुमची बहीण का?" मी काही म्हणायच्या आत तुम्ही म्हणालात, "हो, मोठी." वयाने मी मोठी. नंतर मी तसं म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "आजारी असतो तो मोठा."

अन्न जात नव्हतं तुम्हाला. मी पेज करायचे, तुम्ही दोन घोट घ्यायचात आणि म्हणायचात, "चांगली झालीय." एके दुपारी तुम्ही झोपेत बडबडत होतात. मी जवळ बसून ऐकलं. तुम्ही कोणाला तरी चढावरून हाका मारत होतात. जागं झाल्यावर विचारलंत, "मी काय बोलले?" मी म्हटलं, "मला कुठे तुमची बोली कळते." तेव्हाही तेच.

जानेवारीत तुम्ही माझ्याकडे तो विषय काढलात. सविताकडे नाही, माझ्याकडे. मी वाटाणे सोलत होते. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात आणि हात इतके बारीक झाले होते की बांगड्या कोपरापर्यंत जायच्या.

"मला वर नेऊन सोडा," तुम्ही म्हणालात.

"शेक अजून पंधरा राहिलेत. ते झाले की जाऊ."

"ते नको आता. मला कळतंय ना माझं."

"तुम्हाला काय कळतंय? डॉक्टरांना कळतं."

"मास्तरीणबाई, ऐका ना. एकदा आमाला तिथून काढलं. सात वर्षांची होते. मला कोणी विचारलं नाय. आता तरी विचारा."

इथे मी थांबायला हवं होतं. वाटाण्याची शेंग खाली ठेवून तुमच्याजवळ येऊन बसायला हवं होतं. पण मी घाबरले. तुम्ही उपचार सोडले तर सविता मलाच विचारेल असं वाटलं. आणि खरं सांगू का, मला तुम्ही जायला नको होतात. तीन महिन्यांत मला तुमची सवय झाली होती. पण माझ्या तोंडून वेगळंच निघालं. मी म्हटलं, "तुम्हाला तुमच्या डोंगराचंच पडलंय. पोरीचं काही नाही. ती दिवसभर लोकांची आजारपणं काढते आणि रोज तुमच्यासाठी देवापुढे उभी राहते. तिला काय सांगू, आईला जगायचं नाही?"

तुम्ही हात पुढे करून माझ्या सुपातल्या शेंगा घेतल्यात आणि सोलायला लागलात. बोटांत जोर नव्हता. एकेका शेंगेला वेळ लागत होता. सुपातल्या संपेपर्यंत तुम्ही सोलत राहिलात.

त्यानंतर तीन आठवडे तुम्ही एक शब्द न बोलता माझ्याबरोबर रिक्षात बसलात. पंधराच्या पंधरा शेक घेतलेत. मी सविताला अभिमानाने सांगितलं, "मी समजावलं त्यांना." शेवटच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी प्रशांतला बाजूला घेतलं. काही उपयोग झालेला नव्हता. त्यांना घरी न्या, म्हणाले.

ते तीन आठवडे माझ्याकडे आहेत, विहीणबाई. मी ते कुठे ठेवू तेच कळत नाही. सविता म्हणते, "मम्मी, मीही तेच सांगितलं असतं." पण तुम्ही तिला विचारलं नव्हतंत. मला विचारलं होतंत.

वर जाताना गाडीत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. घाट लागला तशा तुम्ही उठून बसलात, खिडकीची काच खाली करायला लावलीत. वर पोहोचल्यावर ड्रायव्हरला म्हणालात, "आधी तळ्याकडून घे." प्रशांत म्हणाला, "आई, दमाल तुम्ही." मी म्हटलं, "घे तळ्याकडून." तेवढं तरी मी केलं.

रविवार होता, गर्दी होती. काठाशी गाडी थांबली तसा पन्नाशीचा एक माणूस शिटी वाजवत आला. "यहाँ गाड़ी नहीं लगाने का!" मग त्याने खिडकीतून आत पाहिलं. तो तुमच्याच वस्तीतला होता. "काकी?" तो म्हणाला. तुम्ही त्याच्याकडे बघून मान हलवलीत. त्याने शिटी खिशात घातली, आमच्या गाडीमागे जाऊन उभा राहिला आणि येणाऱ्या सगळ्या गाड्या हाताने पलीकडून वळवू लागला. दहा-पंधरा मिनिटं त्याने एकही गाडी आमच्या मागे येऊ दिली नाही. तुम्ही पाण्याकडे बघत होतात. मग तुम्ही म्हणालात, "चला."

तुम्हाला घरात निजवून दुसऱ्या दिवशी मी निघाले, रियाची शाळा होती म्हणून. "येते," मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "या." मला वाटलं होतं, निदान महिनाभर आहात. चार दिवस मिळाले तुम्हाला. तीन आठवडे आणि चार दिवस मिळाले असते.

अंत्यविधीला मी आले तेव्हा अंगणात बायका बसल्या होत्या. कोणीतरी सरकून मला तुमच्या बहिणीच्या शेजारी जागा दिली, तुमच्याबरोबर टोपली घेऊन चढ चढायची तीच बहीण. त्या सगळ्या तुमच्या बोलीत तुम्हाला हाका मारून रडत होत्या. तू चुलीशी कशी बसायचीस, तू कोणाला उपाशी जाऊ दिलं नाहीस, आता कोण कोणाला विचारणार. मला सगळं कळत होतं. तुमच्या बहिणीने रडता रडता माझ्याकडे बघून मोडक्या हिंदीत अर्थ सांगायला सुरुवात केली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "मला कळतंय. माना आजीची बोली अशीच व्हती." ती थांबली, माझ्याकडे बघत राहिली, आणि मग मला धरून आणखी मोठ्याने रडायला लागली. माझ्या डोळ्यांत तेव्हाही पाणी आलं नाही. मी तिची पाठ थोपटत राहिले.

व्याही बाहेर बाजेवर बसून होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "तुमच्या घरची पेज आवडायची तिला. सांगत होती." मी तुम्हाला कधी अर्धी वाटीही संपवताना पाहिलं नव्हतं.

काल शकुताईंचा अमळनेरहून फोन आला. बातमी उशिरा पोहोचली होती त्यांना. वय झालंय, आवाज कापतो आता. "सुमन, तुझी विहीण गेली म्हणे. चांगली बाई होती गं. नाशिकला दिवस केले का?"

मी म्हटलं, "ताई, त्या नाशिकच्या नव्हत्या. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. त्या डांगातल्या. कोकणा आदिवासी."

त्या म्हणाल्या, "मला बारशालाच कळलं होतं."

"कसं?"

"अगं, त्या स्वयंपाकघरात बाळाशी बोलत होत्या. आपल्याच माणसासारखं बोलत होत्या, पण आपलं नव्हतं ते. मी काय लहान आहे? म्हणूनच तर नाशिकचं विचारलं मुद्दाम. तुझी गंमत करायची होती मला. पण त्या बाईने तुझ्याकडे पाहिलं आणि तुला असं काही सांभाळून घेतलं, की मलाच लाज वाटली. म्हटलं, ती एवढं झाकतेय तर आपण कशाला उघडं पाडायचं. घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, कोणी विषय काढू नका."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"कधीचं."

म्हणजे विहीणबाई, आठ वर्षं ते खोटं कोणासाठीच नव्हतं. आमच्या प्रत्येक कार्यात तुम्ही कोपऱ्यात हसत, न बोलता बसलात, आणि तिथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. तुम्ही बोलला असतात तर चाललं असतं. पावरी वाजली असती तरी चाललं असतं. कोणी काही म्हणणार नव्हतं, एक मी सोडून.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. शकुताई म्हणाल्या, "रडतेस का गं?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं, आता इकडे सगळ्यांना कळवते मी. नाव काय सांगू? मला तर विहीणबाईच माहीत."

"रमीबेन," मी म्हटलं. "रमीबेन पवार."

"आणि गाव? ती खाली वस्ती आहे ना हॉटेलांच्या मागे, त्या वस्तीचं काहीतरी नाव आहे, आमच्या सोसायटीतले गेले होते फिरायला."

"नाही ताई, ते नाही. खालची नका सांगू. सापुताऱ्याच्या होत्या त्या."

"तिथे कुठे कोणाचं घर आहे? तिथे तर नुसती हॉटेलं आणि तळं आहे."

"हो," मी म्हटलं. "तिथल्याच."